पलीकडचा आकडा

१ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तू काकांना पाठवलेली दुर्बीण शुक्रवारी पोचली. खोक्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतःच सुरी घेतली, स्वतःच बोट कापून घेतलं आणि पट्टी बांधणाऱ्या तुझ्या वहिनीला म्हणाले, "जपून हं, काच आहे." बोटाबद्दल नाही, दुर्बिणीबद्दल. तेव्हापासून ती त्यांच्या गळ्यात आहे. जेवतानाही असते. काल मी दाढी करून देत होतो, तेव्हा ती मानेवरून बाजूला करायला गेलो, तर माझा हात झटकला. वीस वर्षं ज्या हातानं दाढी करतोय, तो हात. असो.

तू विचारलंस, खिडकीतून मैदानावरचा गोलांचा फळा दिसतो का. अर्धा दिसतो. मैदान तर कधीच दिसत नव्हतं, झाडांच्या वर तेवढा फळा दिसायचा. आता अध्यक्षांनी मैदानाचा कोपरा तोडून दुकानांची तीन मजली इमारत उभी केली आहे. तिच्यामागे फळ्याची उजवी बाजू गेली. म्हणजे आपल्या संघाचे गोल काकांना दिसतात, पाहुण्यांचे नाहीत. सामना संपला की आकड्यांचे पत्रे टांगून झालेला मी फळ्यावरून उतरून घरी येतो आणि त्यांचा पहिला प्रश्न, "पलीकडचं काय?" मग मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडतो. ऐकू येणं आता तेवढ्यापुरतंच उरलंय.

इमारतीत एकही दुकान आलेलं नाही. 'दुकाने भाड्याने देणे आहेत' ही पाटी भिंतीवर रंगवायचं काम माझ्याकडेच आलं. पाट्या रंगवणं हा माझा धंदा, नाही कसं म्हणणार? काकांनी दुर्बिणीतून पहिली गोष्ट वाचली ती हीच. "दुसरी ओळ उजवीकडे उतरलीय," म्हणाले. तुझ्या दुर्बिणीचा पहिला उपयोग तो झाला.

क्लबचं काय सांगू! आपला गोलकीपर विकला. त्याच्या जागी आणलेला पोरगा आडव्या दांड्याला उडी मारूनही हात लावू शकत नाही. प्रशिक्षक म्हणून अध्यक्षांनी स्वतःचा साडू नेमलाय. तो पूर्वी तलावावर पोहायला शिकवायचा. मुलांना अजून ओरडून सांगतो, "श्वास धरा!" हिरवा सदरा जाऊन तपकिरी आला, अध्यक्षांच्या लाकडाच्या वखारीतल्या भुशासारखा. पहिल्याच सामन्यात तीन गोलांनी हरलो. त्या संध्याकाळी काका म्हणाले, "धाकट्याच्या शहरात दर रविवारी जिंकतात म्हणे. चार महिने जावं का तिकडे?"

मी म्हटलं, नवव्या मजल्यावर तुम्हाला चक्कर येईल.

तुमच्याकडे जिंकतात, चांगलं आहे. जिंकणाऱ्यांच्या गावाला राहणं सोपं असतं. तुझ्या लिफ्टसारखं, बटण दाबलं की वर.

तुझा,
दादा

२० ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा टोचलं. तुझी पत्रं नेहमीच अशी, मऊ गादी आणि आत टाचणी. लिफ्टचं म्हणशील तर बटण दाबणारा वर जातो, दुरुस्त करणारा खड्ड्यातच उभा असतो. गुडघे गेलेत माझे त्या खड्ड्यांत.

इकडचा संघ जिंकतो हे खरं. परवा पाच गोलांनी जिंकला. माझ्या शेजारचा माणूस तिसऱ्या गोलानंतर पेपर वाचत होता. मीही टाळी वाजवतो, पण शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न लागावं तशी.

आता मुद्द्याचं. बाबांचं, तुझ्या काकांचं, कार्ड आलं. त्यांच्या जाड अक्षरात लिहिलंय, "पहिला सामना हरलो. नंतर दोन बरोबरी, एक जिंकला. आपला बचाव आता लोखंडी झालाय." मला फार आनंद झाला. म्हणून पेपराच्या मागच्या पानावरचा बारीक तक्ता काढून पाहिला. त्यात आपला क्लब तळाशी आहे. घरच्या मैदानावर चार सामने, चारही हरले. एक गोल केला, बारा खाल्ले.

दादा, हे काय आहे? पेपर चुकतो का? की बाबा विसरायला लागलेत? माझ्या मालकांचे वडील असेच सुरुवातीला छोट्या छोट्या गोष्टी उलट सांगायचे. पुढे एक दिवस घराचा पत्ता विसरले. तू रोज जवळ असतोस. तुला जे दिसतं ते मला कसं दिसणार? ते भाग्य तुझं. पण खरं काय ते लिही.

तुझा,
धाकटा

२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. क्लबच्या भानगडीत अडकलो होतो.

सत्तावीस तारखेच्या सामन्यानंतर आम्ही नऊ जण अध्यक्षांच्या वखारीत गेलो. बेकरीवाला, भोंगा वाजवणारे निवृत्त पोस्टमास्तर, विणकाम घेऊन सामन्याला येणाऱ्या शाळेच्या बाई, आपला न्हावी, सगळी जुनी मंडळी. बेकरीवाला गेली सव्वीस वर्षं सामन्याच्या दिवशी भट्टी लवकर बंद करतो. तो म्हणाला, "साहेब, साडूला पुन्हा पाण्यात सोडा, आम्हाला बुडवू नका." अध्यक्ष एका ओंडक्यावर बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "तुम्ही प्रेक्षक आहात ना? मग प्रेक्षा." कुणी हसलं नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, "असं क्रियापद नाही." तेवढाच आमचा विजय. दुसऱ्या दिवशी आमचे बाकही काढले. आता उभं राहून हरणं बघायचं. पूर्वी हजार माणूस यायचं. त्या सामन्याला मी फळ्यावरून मोजली, एकसष्ट. टाळ्या वाजल्या तर कुणी वाजवल्या ते नावानिशी सांगता येईल.

काकांचं विचारतोस. वय झालंय. कधी कधी उलटसुलट होतं त्यांच्याकडून, होणारच. कार्डात काय लिहिलं ते मी पाहिलं नव्हतं. तू फार मनावर घेऊ नकोस. इथे माणसं आहेत, मी आहे, तुझी वहिनी आहे. त्यांना त्यांची खिडकी आहे.

थंडी सुरू झाली. तू तीन वर्षांपूर्वी पाठवलेला निळा स्वेटर त्यांनी बाहेर काढला. वहिनीनं या वर्षी विणलेला घडीतच आहे.

तुझा,
दादा

११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझी ती एक ओळ वाचली आणि ठरवलं. "उलटसुलट होतं" असं तू लिहितोस, म्हणजे प्रत्यक्षात बरंच होत असणार. तू नेहमी निम्मंच सांगतोस, माहीत आहे मला.

सोमवारी, अठरा तारखेला येतोय. बाबांना घेऊन जाईन. इथे चांगले डॉक्टर आहेत. तुझ्यावर अविश्वास नाही. पण मीही मुलगा आहे त्यांचा, आणि सख्खा आहे. हे लिहिताना बरं वाटत नाही, तरी लिहितो. तुझ्या वाट्याला त्यांची चाळीस वर्षं आली. मला शेवटची थोडी तरी मिळू देत.

तुझा,
धाकटा

६ डिसेंबर

प्रिय दादा,

आम्ही सुखरूप आहोत असं लिहिणार होतो, पण सुखाचं काही सांगता येत नाही.

तू स्टेशनवर आला नाहीस. वहिनी म्हणाल्या, दुकानावर पाटी द्यायची होती. गाडी सुटेपर्यंत बाबा दुर्बिणीतून फलाटाचं टोक बघत होते.

डॉक्टरांकडे नेलं. तारीख विचारली, बरोबर सांगितली. शंभरातून सात सात वजा करायला लावलं, तेही माझ्यापेक्षा भराभर केलं. मग मी पेपराचं कात्रण पुढे ठेवलं. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "छापणाऱ्याची चूक आहे. माझा पुतण्या स्वतः आकडे टांगतो. त्याच्यापेक्षा पेपरवाल्याला जास्त कळतं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या पत्राचं सांगितलं, घरच्या माणसालाही तेच वाटतं म्हणून. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्यांनी बाबा दिवसभर पेंगतात. तुझ्या धाकट्या भावजयीनं स्वयंपाकघर बंद ठेवायला सुरुवात केली आहे. मी कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावतो. परवा परत आलो तर दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. म्हणाले, "माझ्याकडून काय चूक झाली?"

रविवारी मोठ्या मैदानावर नेलं. फळा विजेचा, दोन्ही बाजू लखलखीत. आपण, म्हणजे इकडचे, चार गोलांनी पुढे होतो. बाबांनी दुर्बीण पाहुण्यांच्या लोकांवर रोखली होती. एका कोपऱ्यात शे-सव्वाशे माणसं पावसात भिजत उभी होती. "ते बघ, आपल्यासारखे," म्हणाले. मग झोपले. जागे झाल्यावर मला विचारलं, "पलीकडचं काय?" मी सांगितलं, शून्य. तर म्हणाले, "तुझ्यावर भरवसा नाही. दादाला विचार."

माझ्या घरात, माझ्या तिकिटावर, माझ्या शेजारी बसून! मी तुझा हेवा करतो, दादा. आज नाही, चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून.

धाकटा

१० डिसेंबर

प्रिय धाकट्या,

हे पत्र पोचताच गोळ्या बंद कर. डॉक्टरांना हे पत्र दाखव. दाराची कडी काढ. मग पुढचं वाच.

काकांना काहीही झालेलं नाही. पेपर बरोबर आहे, आणि काकांचं कार्डही त्यांच्या परीनं बरोबर आहे. खोटा मी आहे.

पहिल्या सामन्यानंतर ते तुझ्याकडे जायचं बोलले, ते मी तुला लिहिलं होतं. हसत हसत लिहिलं होतं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या सामन्यात आपले शून्य, त्यांचे दोन. घरी आलो. काकांनी विचारलं, "पलीकडचं काय?" मी कानाशी वाकलो आणि म्हणालो, "शून्य." एवढंच. तोंडातून निघून गेलं. काकांचा चेहरा उजळला. म्हणाले, "बरोबरी! चला, सुधारतायत." आणि तुझ्याकडे जायचा विषय त्यांनी काढला नाही. मला कळलं की आपण जिंकत किंवा निदान टिकत असलो, तर काका इथेच राहतील. संघाला टिकवणं माझ्या हातात नव्हतं. त्या भिंतीनं अर्धं काम केलं होतं, उरलेलं मी केलं.

पुढे सोपं होत गेलं. एकदा आपला एक गोल झाला, त्यांचे चार होते. मी सांगितलं, त्यांचे शून्य. काकांनी विजयाचा पेढा मागावा तसा माझ्याकडे हात पसरला आणि माझा हात दाबला. न्हाव्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो तर माझ्या पुढे गेला. काकांचे केस कापताना ओरडून सांगायचा, "काल आपला गोलकीपर वाघासारखा उडाला!" तुझी वहिनी एवढंच म्हणायची, "किती दिवस?" मी म्हणायचो, हंगाम संपेपर्यंत.

मग तुझं पत्र आलं. पेपर चुकतो का, की बाबा विसरतात? तिसरी गोष्ट तुझ्या मनात आली नाही. तू माझ्यावर संशयही घेतला नाहीस. तेव्हा खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "उलटसुलट होतं त्यांच्याकडून." स्वतःचा खोटेपणा झाकायला मी त्या शहाण्या माणसाचं डोकं तुझ्यासमोर ठेवलं. खोटा आकडा सांगणं वेगळं. हे त्याहून फार खालचं आहे.

तू न्यायला आलास तेव्हाही बोलू शकलो असतो. तू, वहिनी, काका, सगळे खोलीत होतात. काका बॅग भरत होते. त्यांनी तुझा निळा स्वेटर वर ठेवला, नीट हात फिरवून. वहिनीचा स्वेटर कपाटातच राहिला. मी मनात म्हणालो, जाऊ देत. बघू देत मुलाचं प्रेम. कळेल. त्या एका स्वेटरसाठी मी गप्प बसलो. पाटी द्यायची होती हे खोटं. दुकानात रिकाम्या पत्र्यासमोर बसून होतो.

पहाटे देवासमोर उभा राहतो. काही मागायची सवय मला नाही, नुसता उभा राहतो. गेले दोन महिने तिथेही तुझंच नाव आधी येत होतं, आणि चांगल्या कारणानं नाही. देवाला काय, दोन्ही बाजू दिसतात. मध्ये कुणाची इमारत नाही.

काका फळा सांभाळायचे तेव्हा त्यांचा एकच नियम होता. हरलेला आकडा घाईनं उतरवायचा नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत टांगून ठेवायचा, म्हणजे कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे. फळ्यावर मी तो नियम एकदाही मोडला नाही. घरात मोडला. त्यांनी दिलेली फळ्याची किल्ली माझ्या कमरेला आहे. म्हणशील तर तुझ्याकडे पाठवतो. तिच्यावर आता माझा हक्क नाही.

काकांना तूच सांग. माझी हिंमत नाही, आणि त्यांचा कान तुझ्याजवळ आहे.

तुझा,
दादा

१९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझ्यासमोर असतो तर हात उचलला असता. मोठा आहेस हे विसरून. मी त्यांना कोंडून ठेवलं, दादा. स्वतःच्या बापाला. माझ्या हातानं गोळ्या भरवल्या. त्यातलं माझं मी बघून घेईन. मीही एका ओळीवर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता. बाबा आजारी असते तर ते माझे झाले असते. तू खोटं बोललास आणि मी ते आवडीनं ऐकलं.

गोळ्या बंद केल्या. डॉक्टर चिडले, मग म्हणाले, असा आजार मी प्रथमच पाहतोय, रुग्ण एका घरात आणि लक्षणं दुसऱ्या घरात. तीन दिवसांत बाबा पूर्वीसारखे झाले. मग मी तुझं पत्र त्यांच्या कानाशी मोठ्यानं वाचलं. शेजारपाजारच्या चार घरांनीही ऐकलं असेल. स्वेटरचं वाक्य गाळावं असं वाटलं होतं. पण गाळलं असतं तर मीही तुझ्याच वाटेनं गेलो असतो.

त्यांनी दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "दुसऱ्या सामन्यात त्यांचे दोन होते ना? आणि तिसऱ्यात?" मी पेपर आणायला उठलो. म्हणाले, "पेपरातलं नको. ज्यानं पत्रा टांगला त्यानं सांगायचं."

नंतर चहा घेताना म्हणाले, "दोघंही सारखेच निघालात. एकानं आकडा उतरवला, एकानं झाकला."

तुला आठवतं का ते? मी चौदा वर्षांचा, फळ्यावर माझा तिसरा सामना. आपण चार गोलांनी हरत होतो. शिट्टीला दहा मिनिटं असतानाच मी त्यांचा चारचा पत्रा काढला आणि रडत घरी पळालो. हरलेला आकडा माझ्याच्यानं बघवेना. दुसऱ्या दिवशी बाबांनी किल्ली तुला दिली. मला रागावलेही नाहीत. नुसती तुला दिली. लोक समजतात मी नोकरीसाठी गाव सोडलं. मी त्या किल्लीसाठी सोडलं. जिंकणाऱ्यांचं गाव शोधलं, म्हणजे तो पत्रा पुन्हा टांगायची वेळ येणार नाही.

किल्ली पाठवू नकोस. बाबांना विचारलं. म्हणाले, "असू दे त्याच्याकडेच. निदान आता कुलपाची किंमत कळली असेल."

त्यांची अट आहे. हंगामाच्या सुरुवातीपासूनचे सगळे आकडे, दोन्ही बाजूंचे, तू स्वतः लिहून पाठवायचे. येत्या रविवारच्या सामन्यासकट. ते ऐकून मग ठरवणार, कुणाकडे राहायचं. मी म्हटलं, इथे राहा. आणि माझी इच्छा आहे की त्यांनी राहावं. हे तुझ्यापासून लपवत नाही.

धाकटा

२३ डिसेंबर, सोमवार

प्रिय धाकट्या,

हे काकांना वाचून दाखव.

काका, नमस्कार. फळ्याखालच्या फळीवर बसून लिहितोय. सकाळचे दहा वाजलेत. पलीकडचा आकडा डोक्यावर लटकतोय.

पहिला सामना, आपले शून्य, त्यांचे तीन. हा तुम्हाला खरा सांगितला होता. दुसऱ्यात आपले शून्य, त्यांचे दोन. तिसऱ्यात आपला एक, त्यांचे चार, आणि यावर तुम्ही माझा हात दाबला होता. चौथ्यात आपले शून्य, त्यांचे तीन. त्या दिवशी तपकिरी सदरे चिखलात दिसेनासे झाले आणि आपल्याच मुलानं आपल्याच मुलाला पाडलं. पाचव्यात शून्य आणि पाच. न्हावी ज्याला वाघ म्हणाला, तो गोलकीपर पाचव्या गोलाच्या वेळी बुटाची नाडी बांधत होता. सहाव्यात आपले दोन, त्यांचे सहा. तुम्हाला मी 'एक' सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "आता आपल्याला कुणी अडवत नाही," आणि मी आत जाऊन पाण्याचा नळ उगाच सोडून ठेवला. तुम्ही गेल्यावर सातव्यात शून्य आणि तीन, आठव्यात शून्य आणि दोन. पाहुण्यांच्या बाजूचे दोन, तीन आणि चार हे पत्रे झिजून गेलेत. या आठवड्यात नव्यानं रंगवले. आपल्याकडचा शून्य दोन वेळा रंगवून झाला.

साडू अजून आहे. बाक अजून नाहीत. अध्यक्ष म्हणतात पुढच्या वर्षी विजेचा फळा आणणार. त्यांच्या मेहुण्याकडे आहे म्हणे एक, अर्धे दिवे लागत नाहीत. हेही खरं खरं लिहितोय, कारण परत येण्यासारखं इथे काही आहे असं भासवायचं नाही. काल माणसं सदतीस होती.

कालचा सामना. आपला एक. त्यांचे चार.

तो एक झाला तेव्हा पोस्टमास्तरांनी इतका भोंगा वाजवला की दम लागून खाली बसले. शाळेच्या बाईंचा लोकरीचा गुंडा मैदानात गेला आणि पंचांनी तो परत आणून दिला. बेकरीवाला ओरडला, "आता फक्त तीनच राहिले!" मी एकचा पत्रा टांगला आणि सवयीनं वळून खिडकीकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा खरं सांगण्यासारखं होतं, आणि खिडकीत कुणी नव्हतं.

धाकट्या, हे तुझ्यासाठी. ते तुझ्याकडे राहिले, तर मला हेवा वाटेल. पुष्कळ दिवस वाटेल. पण तो माझा मी टांगून ठेवीन, सगळ्यांना दिसेल असा. तो स्वेटर वहिनीनं धुऊन पुन्हा घडीत ठेवलाय. पाठवू का ते विचार. नको म्हणाले तरी चालेल.

तुझा,
दादा

१ जानेवारी

प्रिय दादा,

वाचून दाखवलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्यांनी. प्रत्येक सामन्याला बोट मुडपत होते. नववं बोट मुडपलं आणि म्हणाले, "नऊच्या नऊ. यात एकही बरोबरी नाही, तरी माणसं सदतीस." मग थोड्या वेळानं, "मी धरून अडतीस झाले असते."

मी तिकीट काढून आणलं. पाच तारखेची सकाळची गाडी. पुढचा सामना दुपारी आहे, वेळेत पोचू. मी सोडायला येतोय आणि दोन दिवस राहणार आहे. या वेळी स्टेशनवर ये.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. नऊ पराभव ऐकून माणूस त्याच गावी परत निघतो, आणि माझ्याकडे दर रविवारी जिंकतात! त्यांनी बॅग भरायला घेतली तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. चौदाव्या वर्षी पळालो होतो तसा पळावंसं वाटलं. पण उभा राहिलो. आत आलो आणि त्यांची बॅग मीच भरली.

तुझा एक, माझे शून्य. आकडा उतरवलेला नाही. सगळ्यांना दिसू दे.

एक विचारायचं होतं. पाच तारखेला पलीकडच्या बाजूचा पत्रा मी टांगला तर चालेल का? मोठा असेल, तरी चालेल.

बाबांना काही लिहायचं आहे. खाली जागा सोडतो.

तुझा,
धाकटा

*सूनबाईनं विणलेला स्वेटर बाहेर काढून ठेव. खिडकीची काच पूस. आणि भिंतीवरची दुसरी ओळ अजून उतरलेलीच असेल, ती मी यायच्या आत सरळ कर. — काका*